कंपनीचा सायलेन्सर परत बसवायचाय? आधी एअरबॉक्स उघडा

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितो. प्रश्न बहुतेक वेळा असा असतो: ‘जुनी ड्युअल स्पोर्ट (पक्का रस्ता आणि कच्ची वाट दोन्हीकडे चालणारी) गाडी घेतली. आधीच्या मालकाने बाहेरचा सायलेन्सर लावलाय, लांबच्या प्रवासात त्या आवाजाने डोकं उठतं. कंपनीचा सायलेन्सर मिळालाय. जुना काढून तो लावला की झालं ना?’

नाही, तेवढ्याने होत नाही. सायलेन्सर बदलायला निवांत एक दुपार पुरते. पण बाहेरचा सायलेन्सर बसवताना हवेच्या आणि पेट्रोलच्या बाजूला जे जे बदललं गेलं, ते शोधून एकेक उलटं करणं हे खरं काम आहे, आणि नेमकं तेच राहून जातं. इंजिनात किती हवा येते, तिच्यात किती पेट्रोल मिसळतं आणि जळलेला वायू किती सहज बाहेर पडतो, या तीन गोष्टी एकमेकींवर बेतलेल्या असतात. बाहेरची वाट मोकळी केली म्हणून कोणीतरी एअरबॉक्सचं, म्हणजे एअर फिल्टरच्या डब्याचं, तोंड मोठं केलं आणि त्याला पुरतील असे मोठे जेट (कार्ब्युरेटरमधले पेट्रोल मोजून सोडणारे भोकाचे पितळी तुकडे) टाकले. आता बाहेरची वाट पुन्हा पहिल्यासारखी केलीत आणि जेट तसेच ठेवलेत, तर मिश्रण रिच, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त, होणारच. गाडी मधल्या थ्रॉटलला घोगरी चालते, प्लगवर काजळी धरते, मायलेज पडतं.

कंपनीच्या सायलेन्सरमध्ये किंवा बेंड पाइपमध्ये (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा वाकडा पाइप) कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारा भाग, असेल तर नुकसान याहून मोठं. न जळलेलं पेट्रोल तिथे जाऊन जळतं, आतली मधाच्या पोळ्यासारखी जाळी प्रमाणाबाहेर तापते, वितळते किंवा तिचे तुकडे होऊन वाट तुंबते. एवढ्या शोधाने मिळवलेला सायलेन्सर आपल्याच जेटने मारायचा, हे मला तरी बघवत नाही.

म्हणून पाना हातात घेण्याआधी गाडी वाचा. सीट आणि साइड कव्हर काढून एअरबॉक्स बघा. कंपनीच्या एअरबॉक्सच्या तोंडावर रबराची किंवा प्लास्टिकची एक नळी असते, तिला स्नॉर्केल म्हणतात. ती गायब आहे का? झाकणाला चौकोनी भोक पाडलंय का? सुझुकी डीआर-झी ४०० वर तर वरच्या बाजूला ३ इंच बाय ३ इंचाचं भोक पाडायची पद्धत इतकी रुळलेली आहे की तिला ‘थ्री बाय थ्री’ असं नावच पडलंय. मग कार्ब्युरेटरच्या तळाशी, इंजिनकडच्या बाजूला बघा. तिथे पायलट स्क्रूवर (आयडलचं मिश्रण ठरवणारा स्क्रू) कंपनीने पितळी बूच ठोकलेलं असतं. ते ड्रिलने काढलेलं दिसलं तर कार्ब्युरेटर आतूनही बदललेला आहे असं धरूनच चाला. इंजेक्शनची गाडी असेल तर सीटखाली वायरिंगमध्ये घुसवलेला एखादा परका डबा शोधा. इंजिनाच्या हेडवरच्या सेकंडरी एअरच्या (एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडणाऱ्या) नळ्या काढून तिथे पट्टी ठोकली आहे का, तेही पाहा. जे जे दिसेल त्याचे फोटो काढा.

सेकंडहँड सायलेन्सर घेताना तीन गोष्टी तपासा. एक, हातात धरून हलवा. आत खुळखुळलं तर बॅफल (आवाज दाबणारा आतला पडदा) सुटलाय किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची जाळी फुटलीय, तो घेऊ नका. दोन, मागून टॉर्च मारा. आवाज वाढवायला बॅफलमध्ये ड्रिल मारलेले सायलेन्सर बाजारात भरपूर फिरतात आणि बाहेरून ते अगदी कंपनीचे दिसतात. तीन, सगळ्यात खालचा भाग नखाने टोकरून बघा, कारण पाणी तिथेच साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. सोबत लटकवायचे रबर, त्यातल्या लोखंडी नळ्या, हीट शील्ड आणि तिचे वायसर मिळाले तर तेही घ्या. सायलेन्सरपेक्षा या बारक्या वस्तूच मिळायला जास्त अवघड जातात. रबरातली ती नळी नसेल तर बोल्ट आवळताना रबर चिरडतं आणि थोड्याच दिवसांत ब्रॅकेटला तडा जातो.

फक्त मागचा डबा बदललेला असेल तर बेंड पाइपला हात लावायची गरज नाही. पूर्ण सिस्टिम बदललेली असेल तर हेडवरचे नट काढावे लागतील, आणि इथे घाई करू नका. तापून-गार होऊन, पाणी-चिखल खाऊन ते नट स्टडला (हेडमध्ये बसवलेल्या आट्यांच्या दांड्याला) घट्ट धरून बसलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारा, सकाळी पुन्हा मारा. इंजिन दोन-तीन मिनिटं चालवून कोमट करा, हात भाजेल इतकं नाही. सहा बाजूंचा सॉकेट वापरा, बारा बाजूंचा गंजलेल्या नटाचे कोपरे खातो. आधी नट किंचित आवळायच्या दिशेने दाबा. टक् असा बारीक आवाज आला की गंजाची पकड सुटली, आता सैल करा. अडला तर जोर लावू नका, अर्धा आटा मागे या, तेल टाका, पुन्हा पुढे. नटाबरोबर अख्खा स्टड बाहेर आला तर घाबरायचं कारण नाही, तो साफ करून परत बसवता येतो. स्टड तुटला तर मात्र अल्युमिनियमच्या हेडमधून तो काढणं कसबी माणसाचं काम आहे.

बेंड पाइप सुटला की एक्झॉस्टच्या तोंडात आरसा आणि टॉर्च घेऊन बघा. आत, हेडच्या बैठकीला चिकटलेली, काळपट झालेली एक कडी दिसेल. ते जुनं गॅस्केट. काजळीने ते हेडच्याच रंगाचं होतं आणि तोंडाचाच भाग आहे असं वाटतं. म्हणून त्याच्यावर दुसरं गॅस्केट चढवलं जातं आणि गाडी चालू केली की फस्-फस् सुरू होते. बारीक आकड्याने एका कडेने उचका, कडी वाकते, मग पकडीने ओढून घ्या. हेडचं अल्युमिनियम मऊ असतं, त्या बैठकीवर ओरखडा गेला तर नवं गॅस्केटही तिथून गळेल. गॅस्केट दरवेळी नवंच लावायचं. ते एकदाच दबून आकार घेण्यासाठी बनवलेलं असतं, दुसऱ्यांदा दबायला त्याच्यात काही उरत नाही.

स्टडचे आटे तारेच्या ब्रशने साफ करा. बहुतेक सिंगल सिलिंडर गाड्यांत ते ८ मिमीचे आणि १.२५ पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये) असतात, पण पिच गेजने एकदा खात्री करून मगच आटे साफ करणारी डाय फिरवा. आट्यांवर उष्णता सोसणारं अँटिसीझ (आटे जाम होऊ न देणारा लेप) थोडंसं लावा. नवं गॅस्केट तोंडात ठेवून ग्रीसच्या दोन ठिपक्यांनी चिकटवा, म्हणजे पाइप लावताना खाली पडत नाही.

बसवताना एकच नियम पाळा: सगळं लागेपर्यंत काहीही घट्ट करायचं नाही. बेंड पाइप बोटाने आवळा, मधल्या सांध्यात नवं ग्राफाइट गॅस्केट घालून सायलेन्सर सरळ रेषेत हलके फिरवत आत ढकला. तिरका ढकलला तर ग्राफाइटचा तुकडा पडतो. मागचे बोल्ट बोटाने लावा. सगळं कुठेही ताण न पडता लटकतंय ना, हे हलवून बघा. मग पुढून मागे या: आधी हेडचे नट, एकेक पाव आटा आलटून-पालटून, म्हणजे फ्लँज (पाइप हेडला दाबून धरणारी पट्टी) तिरका बसत नाही. मग क्लॅम्प, शेवटी मागचे बोल्ट. टॉर्कचा आकडा आपल्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या. ८ मिमीच्या स्टडला तो साधारण २० न्यूटन मीटरच्या आसपास असतो, म्हणजे आपल्याला वाटतं त्यापेक्षा बराच कमी. क्रम उलटा केला, मागचं आधी आवळलं, तर पाइप ताणलेला राहतो आणि पुढचं गॅस्केट नीट बसत नाही.

चालू करण्याआधी सगळा पाइप स्पिरिटने पुसा. बोटांचं तेल पहिल्या तापण्यात कायमचं भाजून बसतं.

एअरबॉक्सचं काम सोपं आहे. स्नॉर्केल परत लावा, कापलेलं झाकण शक्यतो नवं घ्या. नाही मिळालं तर अल्युमिनियमची पट्टी रबराच्या पॅकिंगवर बसवा. पट्टी बसवताना फिल्टर काढून इनटेकच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबा, नाहीतर ड्रिलचा कीस थेट इंजिनात जातो. आणि ते फडकं आठवणीने काढा.

आता कार्ब्युरेटर. फ्लोट बाऊलचे (तळाच्या पेट्रोलच्या वाटीचे) स्क्रू जपानी पद्धतीचे असतात. ते साध्या फिलिप्सच्या चौफुलीसारखेच दिसतात, पण फिलिप्सचं टोक त्यात पूर्ण बसत नाही आणि डोकं खाल्लं जातं, म्हणून जेआयएस टोकाचा स्क्रू ड्रायव्हर वापरा. जेट काढला की प्रकाशात धरा, पितळेच्या तोंडावर बारीक आकडा कोरलेला असतो. तो मॅन्युअलशी जुळवा. मिकुनी, केहिन आणि जेट किट विकणाऱ्या कंपन्या यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, एकाच आकड्याचे दोन जेट वेगवेगळं पेट्रोल सोडू शकतात. त्यामुळे मूळ कार्ब्युरेटर ज्या कंपनीचा, त्याच कंपनीचा जेट घ्या.

जेट बदलून थांबू नका, नीडल (मेन जेटच्या वर खाली-वर होणारी निमुळती सुई) काढा. मेन जेटचा अंमल मुख्यतः पाऊण थ्रॉटलच्या पुढे चालतो, पायलट जेटचा आयडलपासून पाव थ्रॉटलपर्यंत, आणि मधल्या सगळ्या पट्ट्यात नीडल ठरवते. रोजची गाडी याच पट्ट्यात चालते. किटच्या नीडलला क्लिपसाठी चार-पाच खोबण्या असतात, कंपनीच्या नीडलला अनेकदा एकच. नीडलवर कोरलेली अक्षरं मॅन्युअलशी ताडून बघा. खाली बारीक वायसर घालून ती उचललेली असेल तर ते वायसर काढा, पण कंपनीचा प्लास्टिकचा स्पेसर मात्र जागेवर ठेवा. व्हॅक्यूमवर चालणाऱ्या कार्ब्युरेटरची स्लाइडही (नीडल धरून वर-खाली होणारा भाग) तपासा. काही किटांत स्लाइडच्या तळाचं भोक ड्रिलने मोठं करायला सांगतात आणि वरची स्प्रिंग मऊ देतात. मोठं केलेलं भोक परत लहान होत नाही, तिथे स्लाइड बदलणं हाच नीट उपाय. झाकण लावताना डायफ्रामची (स्लाइडला जोडलेल्या रबरी पडद्याची) कड पूर्ण खोबणीत बसली पाहिजे, थोडीशी जरी चिमटली तरी गाडी वरच्या आरपीएमला जातच नाही.

पायलट स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत फिरवा, किती आटे गेले ते मोजा, मग बाहेर काढून स्प्रिंग, वायसर आणि ओ-रिंग तिन्ही आहेत का बघा. ओ-रिंग पुष्कळदा भोकातच अडकून राहते. परत लावून मॅन्युअलमधल्या आट्यांवर ठेवा. तो आकडा मिळत नसेल तर दोन आट्यांपासून सुरुवात करा. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडल सगळ्यात वर आणि स्थिर लागेल तिथे स्क्रू ठेवा, मग आयडल खाली आणा. इंजिनकडच्या बाजूचा हा स्क्रू बाहेर काढला की मिश्रण रिच होतं.

इंजेक्शनच्या गाडीत परका डबा काढून मूळ कनेक्टर जोडा. ईसीयूचा (इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) मॅपच, म्हणजे कधी किती पेट्रोल सोडायचं त्याचा तक्ताच, बदललेला असेल तर तो कंपनीच्या मॅपवर परत लिहून घ्यावा लागेल, नुसती बॅटरी काढून ठेवल्याने मॅप जात नाही. ऑक्सिजन सेन्सरच्या कनेक्टरवर रेझिस्टरची छोटी टोपी असेल तर ती काढून खरा सेन्सर लावा. अँटिसीझ फक्त आट्यांवर, टोकाला थेंबही नको. हा सेन्सर असलेल्या गाडीत बेंड पाइपची गळती जास्त महाग पडते. सेन्सरच्या आधी कुठेही फट असेल तर तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण लीन (पेट्रोल कमी) वाटतं आणि ईसीयू विनाकारण पेट्रोल वाढवत राहतो.

सेकंडरी एअरची पट्टी काढून रीड व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) आणि नळ्या परत जोडा. ती नळी सुटलेली किंवा चिरलेली असेल तर थ्रॉटल सोडल्यावर मागे फटाके फुटतात, आणि लोक उगाच जेट बदलत बसतात.

गळती शोधायची ती गाडी गार असताना. पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला आणा म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बंद राहतो. मग व्हॅक्यूम क्लीनरची हवा सोडणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडाला फडक्याने धरा आणि सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे येतील तिथे फट. बेंड पाइपची गळती कानानेही ओळखता येते: गार इंजिन सुरू केल्याबरोबर हेडजवळ टिक्-टिक् येते आणि धातू फुगून फट मिटली की ती कमी होते. टॅपेटचा आवाज समजून याच्याकडे दुर्लक्ष होतं.

मागचं सस्पेन्शन पूर्ण दाबून सायलेन्सर आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) यांच्यात किती जागा उरते ते बघा, ब्रेकची नळी आणि बॅगेचा स्टँड यांच्यातलंही अंतर बघा. बाहेरच्या सडपातळ सायलेन्सरवर बेतलेला स्टँड कंपनीच्या जाड डब्याला टेकतो आणि बॅग भाजते.

पहिली फेरी अर्ध्या तासाची मारा. गाडी पूर्ण गार झाली की हेडचे नट आणि क्लॅम्प त्याच टॉर्कवर पुन्हा तपासा, गॅस्केट दबल्याने ते थोडे सैल झालेले असतात. शंभरेक किलोमीटरनंतर सांध्यांभोवती काजळीचा पट्टा उमटलाय का ते बघा आणि प्लग काढा. विटकरी किंवा फिका तपकिरी असेल तर मिश्रण ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर एअर फिल्टर साफ आहे ना ते बघा, मग पुन्हा नीडलकडे या. तिथला एखादा वायसर राहिलेला असतो.