व्हायरल लोडचा आकडा वाचताना

किडनी प्रत्यारोपणानंतर सायटोमेगॅलोव्हायरस, म्हणजे सीएमव्ही, या विषाणूची रक्ततपासणी करून घेणारे रुग्ण रिपोर्टमधील व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तातील विषाणूच्या प्रमाणाचा, आकडा दुप्पट झालेला पाहिला की धास्तावतात. गेल्या आठवड्यात १,५०० युनिट असतील आणि या आठवड्यात ३,००० आले, तर विषाणू दुप्पट झाला असाच अर्थ कोणीही काढील, आणि या भीतीत मला काहीही गैर वाटत नाही. मात्र पीसीआर, म्हणजे विषाणूचा डीएनए मोजणाऱ्या, तपासणीत तोच नमुना पुन्हा तपासला तरी आकडा थोडाफार हलतो. म्हणून साधारणपणे तिप्पट, म्हणजे लॉगरिदमच्या मोजपट्टीवर ०.५, एवढा फरक पडल्याखेरीज विषाणू खरोखर वाढला वा घटला असे मानत नाहीत. आकडा तपासणीच्या खालच्या मर्यादेजवळ असेल, तर हा फरक पाचपटीच्या आसपास असावा लागतो. भरात असलेला सीएमव्ही दिवसाकाठी दुप्पट होऊ शकतो, हे लक्षात घेतले तर आठवड्याने मोजणी का करतात आणि १,५०० चे १५,००० होणे ही वेगळीच गोष्ट का आहे, हे उमगते.

दुसरा प्रश्न नमुन्याचा. संपूर्ण रक्तातील आकडा प्लाझ्मातील, म्हणजे पेशी वगळून उरणाऱ्या द्रवातील, आकड्यापेक्षा बहुधा जास्त येतो, त्यामुळे एक रिपोर्ट गावाजवळच्या प्रयोगशाळेचा आणि पुढचा मुंबईचा असेल, तर दोहोंची वजाबाकी करण्यात अर्थ राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये सीएमव्हीसाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरवले आणि आकडे 'कॉपी'ऐवजी, म्हणजे विषाणूच्या डीएनएच्या प्रतींऐवजी, आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये देता येऊ लागले. ही मोठी सोय झाली खरी, पण डीएनएचा किती लांबीचा तुकडा तपासणीत धरला जातो यावरही उत्तर बदलत असल्याने प्रयोगशाळांमधील तफावत पूर्णपणे मिटलेली नाही. म्हणूनच एका रुग्णाच्या तपासण्या एकाच प्रयोगशाळेत, एकाच प्रकारच्या नमुन्यावर व्हाव्यात, असा आग्रह मी धरतो, आणि प्रवासाचा त्रास ठाऊक असूनही तो सोडत नाही.

प्लाझ्मात सापडणारा सीएमव्हीचा डीएनए बहुतांशी सुटे तुकडे असतो, अखंड विषाणू नव्हे. त्यामुळे व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे सीएमव्हीविरोधी औषध सुरू केल्यावर पहिल्या एक-दोन आठवड्यांत आकडा चढलेला दिसला, तर तेवढ्यावरून औषध निरुपयोगी ठरवू नये. किडनीच्या क्षमतेनुसार पूर्ण मात्रा किमान दोन आठवडे देऊनही आकडा उतरत नसेल, तर मात्र विषाणूच्या यूएल९७ आणि यूएल५४ या जनुकांत औषधरोधक बदल झाले आहेत का, हे तपासावे लागते.

प्रत्यारोपित किडनीला बाधणाऱ्या बीके या दुसऱ्या विषाणूचे गणित निराळे आहे. तेथे प्लाझ्मातील १०,००० कॉपींच्या वरचा, टिकून राहणारा आकडा किडनीतील आजाराची शंका वाढवतो, आणि मुख्य उपाय विषाणूविरोधी औषधाचा नसून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जपून कमी करण्याचा असतो.

याउलट, सीएमव्हीने आतडे बाधित झाले असतानाही रक्तात काहीच न सापडणे शक्य असते. जुलाब थांबत नसतील आणि रिपोर्ट कोरा आला असेल, तरी दुर्बिणीने आतडे तपासून तुकडा घ्यावाच लागतो.