रिअॅक्टर धुताना पाणी कुठे पोचत नाही

औषधांच्या कच्च्या मालाच्या प्लांटमध्ये नवीन रिअॅक्टर, म्हणजे रसायनांची प्रक्रिया होते ते बंद भांडं, घ्यायचा ठरला की मीटिंगमध्ये एक प्रश्न हमखास येतो: ते आतून धुणारा स्प्रे बॉल साधा घ्यायचा की फिरणारा? फिरणारा महाग, म्हणून तोच चांगला असं बऱ्याच जणांनी धरून ठेवलेलं असतं. माझं काम क्लीनिंग व्हॅलिडेशनचं. भांडं धुऊन झाल्यावर ते खरंच धुतलं गेलं का, हे सिद्ध करायची जबाबदारी माझ्यावर येते. आणि मी बहुतेक वेळा साध्याच्या बाजूने बोलते.

साधा स्प्रे बॉल म्हणजे स्टेनलेस स्टीलचा पोकळ गोळा, अंगभर बारीक भोकं पाडलेला, पाइपच्या टोकाला लावून झाकणातून आत सोडलेला. हलणारा भाग एकही नाही. त्याच्या धारा भांड्याच्या वरच्या घुमटावर आणि खांद्यावर आदळतात आणि तिथून पाण्याचा पडदा भिंतीवरून खाली उतरतो. भिंतीचा बहुतेक भाग हा पडदाच धुतो. तो सलग राहायचा तर परिघाच्या दर मीटरमागे मिनिटाला साधारण ३१ ते ३७ लिटर पाणी लागतं, असा एएसएमई बीपीई या औषधनिर्मितीच्या उपकरणांसाठीच्या अमेरिकी मानकातला आडाखा आहे. दीड मीटर व्यासाच्या रिअॅक्टरचा परीघ ४.७ मीटर, म्हणजे मिनिटाला दीडशे ते पावणेदोनशे लिटर. पंप याहून लहान असेल तर पडदा फाटतो, पाण्याचे ओघळ होतात आणि दोन ओघळांमधली पट्टी तशीच राहते. "नीट धुतलं जात नाही, प्रेशर वाढवा," हा सल्ला शॉप फ्लोअरवर रोज ऐकू येतो. पण दाब प्रमाणाबाहेर गेला की धारेचं धुकं होतं, आणि धुक्यात मार नसतो. दीड-दोन बारला जो गोळा नीट चालतो त्याला पाच बार देऊन काही मिळत नाही.

फिरणाऱ्यांत दोन जाती. एक, पाण्याच्या जोरावर गरगर फिरणारं छोटं हेड. दुसरं जेट हेड: आत गियर, दोन अक्षांवर फिरणारं, मोजक्या नोझलमधून जाड धार. ती धार प्रत्येक फेरीत थोडी सरकते आणि काही मिनिटांत आतल्या सगळ्या पृष्ठभागावर जाळं विणून पुरं करते. वाळून घट्ट बसलेला, चिकट माल असेल तर याला तोड नाही, आणि पाणीही कमी लागतं. जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिन्नर यांनी १९५९ मध्ये धुण्याचे चार घटक मांडले: रसायन, तापमान, वेळ आणि यांत्रिक मार. एक कमी पडला तर बाकीच्यांनी तो भरून काढायचा. माल विरघळायलाच तयार नसेल तर मार वाढवावा लागतो, आणि तिथे मी स्वतःच जेट हेड मागते.

तरी माझी मुख्य अडचण वेगळी आहे. आमचे एक जुने ऑपरेटर काका जेट हेड बसवताना म्हणाले, "मॅडम, झाकण लावल्यावर हे फिरतंय कशावरून?" नेमका हाच प्रश्न आहे. गॅस्केटचा तुकडा किंवा कोळशाची भुकटी अडकून हेड थांबलं, तरी प्रेशर गेज आणि फ्लोमीटर जवळपास तेच आकडे दाखवू शकतात. लॉगबुकात सगळं ठीक, आत मात्र पाण्याने एकच पट्टी धुतलेली. साध्या गोळ्याची भोकंही बुजतात, पण दोन धुण्यांच्या मध्ये तो काढून उजेडासमोर धरला की बुजलेलं भोक डोळ्यांना दिसतं. म्हणून फिरणारं हेड घेतलं तर भिंतीत बसणारा सेन्सर सोबत घ्यायचाच. धार त्याच्यावर आदळली की नोंद होते. आणि दोन्ही प्रकारांच्या आधी लाइनमध्ये गाळणी हवी.

पाणी कुठे पोचत नाही हे शोधायची रिबोफ्लेविन टेस्ट मला फार आवडते. रिबोफ्लेविन म्हणजे जीवनसत्त्व ब-२. लिटरला ०.२ ग्रॅमचं पिवळं द्रावण ताजं बनवायचं, कारण उजेडात ते टिकत नाही. हातपंपाने ते आतून सगळीकडे फवारायचं, थर ओला असतानाच साध्या पाण्याने स्प्रे चालवायचा, मग अंधार करून मॅनहोलमधून यूव्ही टॉर्च आणि लांब दांडीचा आरसा आत घालायचा. स्वच्छ भाग काळाभोर दिसतो आणि राहिलेला भाग पिवळट हिरवा चमकतो. भिंती जवळजवळ नेहमी पास होतात. चमक सापडते ती स्टररच्या (ढवळणीच्या) पात्यांच्या खालच्या बाजूला, बॅफलच्या (भिंतीलगतच्या उभ्या पट्टीच्या) मागे, डिप पाइपच्या (वरून आत बुडणाऱ्या नळीच्या) सावलीत आणि वापरात नसलेल्या नोझलच्या गळ्यात. इथे नोझल म्हणजे पाइप जोडायला भांड्यावर ठेवलेलं आखूड नळीसारखं तोंड. नोझलची लांबी व्यासाच्या दुपटीवर गेली की तिथे अडचण ठरलेली. एका गोळ्याची सावली दुसरा गोळा बरोबर समोरून बसवला तरच जाते. एकच हेड मधोमध बसवून फिरवलं तरी स्टररच्या शाफ्टची (दांड्याची) सावली शाफ्टमागेच पडते.

लॅबमधल्या काचसामान धुण्याच्या मशीनमध्ये हे दोन्ही शेजारी शेजारी असतात. बीकरसाठी फिरते हात, आणि व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क व पिपेटसाठी थेट तोंडात जाणाऱ्या स्थिर नळ्या. अरुंद गळ्यात फिरत्या हाताचं पाणी शिरत नाही, एवढं साधं कारण.

सॉल्व्हंटने धुताना मात्र मी कोणाशीच तडजोड करत नाही. डिसेंबर १९६९ मध्ये 'मार्पेसा', 'मॅक्ट्रा' आणि 'काँग हाकोन सेव्हन' या तीन प्रचंड तेलवाहू जहाजांवर टाक्या धुताना स्फोट झाले. जोरदार धारांनी उडालेल्या तुषारांवर स्थिर विद्युतभार साठतो, हे त्यानंतरच्या तपासातून पुढे आलं आणि पुढे टाक्यांमध्ये निष्क्रिय वायू भरणं सक्तीचं झालं. तिथे तर नुसतं पाणी होतं. आपण रिअॅक्टरमध्ये मिथेनॉल किंवा अॅसिटोन फवारतो. आधी नायट्रोजन, ऑक्सिजनचं रीडिंग, अर्थिंगची तपासणी, आणि मगच पंप.

येणाऱ्या ३००० लिटरच्या रिअॅक्टरसाठी मी समोरासमोर दोन साधे स्प्रे बॉल, आखूड नोझल आणि वेगळा पंप मागितला आहे. ड्रॉइंग अजून मंजूर व्हायचं आहे, आणि स्टररचा हब (पाती शाफ्टला जोडणारा भाग) कुठे येतो ते मला त्याआधी बघायचं आहे.