तिसरी तार

फोंडा, आषाढातली रात्र. पाऊस थांबायचं नाव नाही.

आज क्लासमध्ये एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली, "सर, गिटार लावल्यावर ई कॉर्ड इतकी गोड वाजते, आणि लगेच सी धरली की बेसूर. माझा कान खराब आहे का?"

कॉर्ड म्हणजे एकत्र छेडलेले सूर. तिचा कान फार चांगला आहे. अठराव्या वर्षी मला हे कुणी सांगितलं असतं तर!

१९७९ साली मी सासष्टीतल्या लग्नांत बँडबरोबर वाजवायचो. दोन गाण्यांच्या मधे पाठमोरा होऊन तिसऱ्या तारेची खुंटी पिळायची सवयच लागली होती. पावसाळ्यात लाकूड फुगतं, तारा गंजतात, म्हणून दोष हवेला द्यायचो. आबा म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळात भजनाला बसायचे. पेटीचे सूरसुद्धा त्यांना सोसायचे नाहीत. माझी गिटार ऐकून म्हणायचे, "तुझा गंधार चढलाय रे." म्हणजे 'ग' जरा उंच लागतोय. मला राग यायचा. बोट तर गिटारच्या दांडीवरच्या पडद्यावर बरोबर होतं!

कारण कळलं ते चाळिशीत, संगीताची थिअरी शिकायला मडगावला जायला लागलो तेव्हा. शिकवणारे वृद्ध व्हायोलिनवादक लहानपणी चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे स्वरांच्या नावांनी गाणं, शिकलेले. त्यांनी कागदावर मांडून दाखवलं: सेंट हे सुरांमधलं अंतर मोजायचं माप; सप्तक १२०० सेंटचं, त्याचे बारा सारखे भाग, म्हणून गिटारचा गंधार ४०० सेंटवर. शुद्ध गंधार, कंपनांच्या पाचास चार या प्रमाणातला, ३८६ वर. चौदा सेंटचा फरक. व्हायोलिनवर बोट सरकवता येतं, गिटारचा पडदा जागचा हलत नाही.

त्या रात्री घरी येऊन आबांच्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे खालच्या 'सा'ची तार, छेडला. त्यातून आपोआप उमटणारा गंधार ऐकला आणि त्यावर गिटारचा वाजवला. दोघांमध्ये आवाजाच्या थरथरत्या लाटा उठत होत्या. आबांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

आज मुलीला तेच दाखवलं. ई कॉर्डमध्ये तिसऱ्या तारेचा पहिला पडदा म्हणजे ईचा गंधार, ईला 'सा' धरलं तर त्याचा 'ग'. तुझा कान तो शुद्ध मागतो, म्हणून तू तार उतरवतेस. पण सी कॉर्डमध्ये तीच तार मोकळी, सीचा पंचम, म्हणजे 'प'. तोही उतरला. मग दोन्ही कॉर्ड सोसवतील अशी जागा ती दहा मिनिटं शोधत बसली. खुंटी केसभर इकडे, केसभर तिकडे. मी गप्प राहिलो. परीक्षेच्या धड्यांआधी हे शिकवायला हवं, असं माझं ठाम मत आहे. सूर जुळल्याचं दाखवणाऱ्या ट्यूनरचा हिरवा दिवा पाहून पुढे जाणाऱ्या मुलांना मीच कितीतरी वर्षं तसं जाऊ दिलं, याची खंत वाटते.

निघताना म्हणाली, "सर, तो तंबोऱ्यातला गंधार मला ऐकायचाय."

उद्या सकाळी तंबोऱ्याच्या जवारीचे दोरे, तारांखाली घालून सूर घुमवणारे, बदलायला हवेत. जुने पार झिजलेत.