पौलाच्या वाटेने जाणार असाल तर फिलिप्पैला पूर्ण दिवस द्या

मागच्या सप्टेंबरात आई आणि मी उत्तर ग्रीसला जाऊन आलो. येशूचा प्रेषित पौल याच्या दुसऱ्या मिशनरी प्रवासातला युरोपचा पहिला टप्पा, म्हणजे फिलिप्पै हे जुनं गाव आणि आसपासचा भाग, बघायचा हे आईचं फार वर्षांपासून मनात होतं. बहुतेक टूरवाले अथेन्स आणि करिंथ दाखवून परत आणतात, पण माझं कळकळीचं सांगणं आहे की वेळ कमी असेल तर तिकडचा एखादा दिवस कापा आणि फिलिप्पैला द्या.

थेसलोनिकीहून बसने कवालाला दोन-अडीच तास लागतात. कवाला म्हणजेच बायबलमधलं नियापुलि. आजच्या तुर्कस्तानातल्या त्रोवसला पौलाला रात्री दृष्टान्त झाला, एक मासेदोनियाचा (म्हणजे इथल्या उत्तर ग्रीसच्या रोमन प्रांताचा) माणूस मदतीला बोलावतोय असा, मग ते जहाजाने समथ्राके बेटावरून दुसऱ्या दिवशी इथे उतरले, साधारण इ. स. ४९-५० मध्ये. ही हकिगत सांगणाऱ्या 'प्रेषितांची कृत्ये' या बायबलमधल्या पुस्तकात त्रोवसपासूनच अचानक 'आम्ही' असं लिहिलेलं येतं, म्हणून सीला आणि तीमथ्य या पौलाच्या सोबत्यांबरोबर पुस्तकाचा लेखक लूकही होता असं मानतात. कवालात सेंट निकोलस चर्चच्या बाजूला पौलाच्या आगमनाचं मोठं मोझॅक आहे (हे चर्च तुर्कांच्या काळात मशीद होतं), ते बघायला अर्धा तास पुरे.

फिलिप्पै तिथून १५-१६ किलोमीटर. द्रामाकडे जाणारी बस पकडा आणि ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा कुठे उतरायचंय ते. सकाळची पहिली-दुसरी बसच घ्या, कारण अवशेषांमध्ये सावली जवळजवळ नाही, टोपी आणि पाणी हवंच, आणि चपला नको, बूट घाला, दगड गुळगुळीत आहेत, आईला हात धरूनच चालवावं लागलं.

आत गेल्यावर व्हिया एग्नातिया या रोमन महामार्गाचे दगड पायाखाली येतात. इ. स. पू. ४२ च्या लढाईनंतर इथे निवृत्त रोमन सैनिक वसवले, त्यामुळे हे गाव ग्रीसमध्ये असून रोमन वसाहत. हे डोक्यात ठेवलं की प्रेषितांच्या कृत्यांचा सोळावा अध्याय वेगळाच कळतो. भविष्य सांगणाऱ्या दासीतला आत्मा पौलाने काढला, मालकांची कमाई बुडाली, पण चौकात आरोप काय केला तर हे यहुदी आम्हा रोमी लोकांना न चालणाऱ्या चाली शिकवतात! आणि फटके मारून तुरुंगात टाकलेले पौल आणि सीला स्वतःच रोमन नागरिक निघाले तेव्हा अधिकारी घाबरले. तो चौक आज समोर उघडा पडलाय, आम्ही तिथे बराच वेळ उभ्या होतो. 'पौलाचा तुरुंग' म्हणून दाखवतात ती जागा मुळात पाण्याची टाकी होती, तेव्हा तिथे फार वेळ घालवू नका, त्यापेक्षा अष्टकोनी चर्चकडे जा. त्याखाली चौथ्या शतकातल्या पौलाच्या नावाच्या चर्चची मोझॅकची जमीन सापडली, बिशप पोर्फिरिओसच्या नावासकट.

मग नदीकाठी लुदियाच्या बाप्तिस्म्याची जागा, आम्ही चालत गेलो. ओढ्यासारखा छोटा प्रवाह, गार पाणी, बसायला दगडी पायऱ्या. शब्बाथाला, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, इथे प्रार्थनेला फक्त बायका जमलेल्या आणि पौल त्यांच्यातच बसून बोलला. आईने मराठी बायबल काढून तो भाग मोठ्याने वाचला. लुदियाला युरोपातली पहिली ख्रिस्ती म्हणतात, पण ती मूळची थुवतीराची, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातली, जांभळी वस्त्रं विकणारी बाई, स्वतःचं घर असलेली, आणि त्याच घरात इथली पहिली मंडळी (ख्रिस्ती समुदाय) जमली. शिवाय रोममध्ये ख्रिस्ती विश्वास बहुधा आधीच पोचला होता, कोणी नेला त्यांची नावं मात्र राहिली नाहीत. लूक तर युरोप हा शब्दही वापरत नाही, तो मासेदोनिया म्हणतो, पौल आणि त्याच्या सोबत्यांसाठी ते एकाच साम्राज्यातल्या एका प्रांतातून दुसऱ्यात जाणं होतं.

पुढे जमलं तर पौल नंतर गेला ते बिरुया, म्हणजे आजचं वेरिया, पण करा, थेसलोनिकीहून एका दिवसात जाऊन येता येतं. आणि पौलाने इथल्या मंडळीला लिहिलेलं, बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र हॉटेलवर वाचू नका, चारच अध्याय आहेत, तिथल्या थिएटरच्या पायरीवर बसून वाचा. याच गावच्या लोकांनी पौल थेस्सलनीकेत (आजच्या थेसलोनिकीत) असताना त्याला एकदा नाही, पुन्हा पुन्हा मदत पाठवली होती आणि ते पत्र लिहिताना तो परत तुरुंगातच होता.