दूध भरपूर आणि बाळ उपाशी

सकाळी सव्वासहाला फोन आला, "सिस्टर, बाळ रात्रभर रडतंय हो, आणि हिची छाती म्हणजे नुसता दगड झालीय, हात लावू देत नाही." सुदामा नगरच्या काकू. लेक पुण्याहून इंदूरला माहेरी आलेली, सिझेरियनचा चौथा दिवस, आदल्या दिवशीच डिस्चार्ज झालेला. चहा तसाच टाकला आणि स्कूटर काढली.

घरात शिरले तर डिंक तळल्याचा वास, कोपऱ्यात शेपा-ओव्याची धुरी, आणि काकू गरम पाण्याची पिशवी लेकीच्या छातीवर दाबून वर तेल लावून जोरजोरात चोळतायत. "गाठी फोडायला पाहिजेत ना!" ती बिचारी ओठ चावून बसलेली. जावई नवाकोरा इलेक्ट्रिक पंप आणि पावडरच्या दुधाचा डबा दोन्ही घेऊन उभा, कुठलं आधी उघडू म्हणून. आजी म्हणाल्या, दृष्ट लागली, काल सगळी आळी बघायला आली होती.

मी आधी चोळणं थांबवलं. काकूंना जरा राग आला, येणारच, पण मी त्यांना म्हटलं इथे बोट दाबून बघा. काळ्या भागाच्या कडेला बोट दाबलं आणि उचललं तर खड्डा तसाच राहिला, मळलेल्या कणकेत राहतो ना तसा. म्हटलं हे नुसतं दूध नाहीये काकू, सूज आहे, दूध उतरायला लागलं की रक्तपुरवठा वाढतो, अंगात पाणी साठतं, सिझेरियनला सलाईन भरपूर चढवतात त्याचीही भर. तिसऱ्या-चौथ्या दिवशी हे बऱ्याच जणींना होतं. जास्त शेकलं आणि रगडलं की सूज वाढतेच. आणि बाळाची चूक काय, फुगलेला फुगा तोंडात धरून बघा म्हणजे कळेल, निप्पल सपाट होऊन जातं, ते धरणार कुठे?

ताप 99.6 होता, कुठे लाल चट्टा नाही, थंडी नाही. हे बघणं आधी. एका बाजूला लाल होऊन ताप 101 च्या वर गेला असता तर मी सरळ डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

मग तिला उताणं झोपवलं, दोन्ही हातांची बोटं निप्पलच्या अगदी बुडाशी ठेवून आत छातीच्या दिशेने हळू दाबून धरायला सांगितलं, मिनिटभर, दुखणार नाही इतपतच. मग बोटांची जागा बदलून परत. तिसऱ्या वेळेला कडा मऊ पडली. हाताने थोडं वाटीत काढलं, आधी थेंब, मग एकदम बारीक धार. बाळाला लावलं, त्याने दोनदा तोंड फिरवलं, रडला, आणि मग धरलं. खोलीत सगळे गप्प. गुटुक, गुटुक. लेक रडायला लागली, काकू पण.

खरं सांगू, मला स्वतःचाच राग येत होता. डिस्चार्जच्या वेळी मीच होते तिथे, घाईघाईत "दर दोन-तीन तासांनी पाजा" एवढंच बोलले, हाताने दूध काढायला शिकवलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं.

जावयाला सांगितलं, पंप लावून छाती रिकामी करत बसू नका, शरीराला वाटेल मागणी वाढली, अजून दूध येईल. बरं वाटण्यापुरतंच काढा. पाजून झालं की गार फडकं, दुखलं तर डॉक्टरांनी लिहिलेली पॅरासिटामॉल. आजींनी पत्तागोभीची पानं विचारली. त्याचा फार पक्का पुरावा नाहीये, पण फ्रिजमधलं गार पान ठेवलं तर बरं वाटतं म्हणतात बऱ्याच जणी, मी नाही म्हणत नाही. जावई लगेच जाऊन दोन मोठे गड्डे घेऊन आला! म्हटलं उरलेल्याची भाजी करा.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंचा फोन. "सिस्टर, सकाळपासून सहा लंगोट ओले, दोरीवर वाळत घातलेत, मोजूनच फोन केला."