तुम्ही विचारलंत म्हणून: वाडीत बसून जपानी

गणपतीला आलेले चाकरमानी विचारतात, आमसुलं न्यायला आलेली गिऱ्हाइकं विचारतात, "ताई, गुहागरात राहून तुम्ही जपानी कुठे शिकलात? क्लास कोणता लावलात?" उभ्या उभ्या धड उत्तर देता येत नाही, म्हणून आज बसून लिहिते.

क्लास लावला नाही. २०२० च्या लॉकडाउनमध्ये भाचा पुण्याहून इकडे येऊन राहिला आणि परत जाताना त्याचं जपानीचं पुस्तक विसरून गेला. हिरागाना आणि काताकाना, दोन्ही लिप्यांची ४६-४६ मूळ अक्षरं मी त्या पावसाळ्यात गिरवून काढली. पुढे गाडी अडली. पुस्तकातली माणसं ऑफिसात एकमेकांना कार्डं देतात, मेट्रोची तिकिटं काढतात. ती वाक्यं पाठ व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुसली जायची, कारण माझ्या दिवसात ती कुठे लागतच नव्हती.

मग भाच्यानेच हॅलोटॉक, टँडेम अशी ऍप दाखवली. आपण आपल्याला येणारी भाषा शिकवायची, समोरच्याने त्याची. पहिल्या दोन महिन्यांत दहा-बारा जणांशी "नमस्कार, कुठे राहता, छंद कोणते" एवढं झालं आणि बोलणं आटलं. टिकल्या त्या एकच बाई. शिकोकू बेटावर कोची प्रांतात समुद्रकाठी राहणाऱ्या, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या, हिंदी शिकणाऱ्या. जपानचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे, त्यामुळे माझा साडेपाचचा चहा झाला की त्यांचे रात्रीचे नऊ. अर्धा तास जपानी, अर्धा तास हिंदी, असं ठरलं ते आजवर चाललंय.

एक दिवस सांगते, म्हणजे कळेल. मे महिना संपत आला होता. मी लिहिलं, "माकि ओ हाकोबिमाशिता", लाकडं वाहून आणली. त्यांनी विचारलं, एवढ्या उन्हात कशाला? मग मी मोडक्यातोडक्या जपानीत आगोटीचं सगळं सांगत बसले. पाऊस लागला की ओलं लाकूड पेटत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, म्हणून सुकट आणि बोंबील डब्यात भरायचे. मसाला कुटायचा, पडवीला झडी बांधायची. सगळं वाचून त्यांनी माझं पहिलंच वाक्य दुरुस्त करून पाठवलं, "हाकोन्दे ओकिमाशिता." ओकु म्हणजे ठेवणे. पुढे लागणार म्हणून आधीच केलेलं काम असेल, तर क्रियापदाला हे ओकु जोडायचं. अहो, म्हणजे आपलं "आणून ठेवली"! "भरून ठेवलं", "दळून ठेवलं" यातलं ठेवणं जसंच्या तसं तिकडे आहे. मी पडवीत रचलेल्या लाकडांकडे बघत बसले. हा धडा पुस्तकात होता, मी वाचलाही होता, पण तिथे तो कुणा परक्याच्या घरचा होता.

त्यानंतर मी असल्या जोड्या शोधायला लागले. "ताबेते मिरु" म्हणजे "खाऊन बघणे", त्यातलं मिरु म्हणजे बघणे. वाक्याच्या शेवटचं "ने" म्हणजे बरंचसं आपलं "ना". मराठी माणसाला जपानीची कांजी, म्हणजे चिनी लिपीतून आलेली अक्षरं जड जातील, पण वाक्य जड जाऊ नये, हे मी अगदी मनापासून सांगते.

चूक मात्र मागून घ्यावी लागते. "अनाता" म्हणजे "तुम्ही" असं शब्दकोशात होतं, म्हणून मी पाच महिने त्यांना मानाने अनाता म्हणत होते. शेवटी एकदा विचारलं, "माझ्या लिहिण्यात काही खटकतं का?" तेव्हा त्यांनी हळूच सांगितलं, मोठ्या माणसाला अनाता म्हणत नाहीत, आडनावाला "सान" लावतात. आपल्याकडे वडीलधाऱ्यांना नावाने हाक मारणं उद्धटपणा, तिकडे नाव घेण्यातच मान. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून दर शनिवारी तोच प्रश्न विचारते, आणि दर शनिवारी काहीतरी निघतंच.

चॅटमध्ये कान तयार होत नाही, हेही सांगायला हवं. लिहिलेलं थांबून राहतं. वीज गेली, रेंज गेली तरी निरोप तिथेच असतो, सवडीने वाचता येतो. परीक्षेतला आवाज थांबत नाही. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेत बोलायचा भाग नाही, पण ऐकायचा आहे. एन४, म्हणजे तिची खालून दुसरी पातळी, दिली तेव्हा वाचनात चांगले गुण पडले, ऐकण्यात जेमतेम निभावलं. आता त्या रोज मिनिटभर बोलून पाठवतात. आमसुलांना पुट देताना मी ते तीनदा ऐकते. पहिल्यांदा नुसता सूर कळतो, तिसऱ्यांदा शब्द सुटे होतात.

हिंदीबरोबर त्यांनी थोडी मराठीही उचलली आहे. परवा देवनागरीत निरोप आला, "लाकडं बरून ठेवली ना?" त्यांच्या भाषेत भ नाही. मी "भरून" करून परत पाठवलं आणि खाली लिहिलं, अजून अर्धी बाकी आहेत.