१ डॉलर ८७ सेंट

आज शाळेच्या इंग्रजी कथा क्लबमध्ये नववीच्या मुलांनी अमेरिकन कथाकार ओ. हेन्रीची 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' वाचली. १९०५ साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आलेली गोष्ट. नवरा जिमसाठी नाताळची भेट घ्यायला डेलाकडे फक्त १ डॉलर ८७ सेंट, त्यातले ६० सेंट म्हणजे एकेका सेंटची चिल्लर.

एरवी गप्प बसणारा एक मुलगा वहीच्या कोपऱ्यात आकडेमोड करत होता. "बाई, ६० वजा जाता उरले १२७. बाकी नाणी ५, १०, २५ची. मग हे वरचे २ सेंट कुठून आले?" काय बारकाईने वाचलंय पोराने! वर्ग क्षणात जागा झाला.

परीक्षणात गोष्ट पुन्हा सांगायची नाही, स्वतःचं मत लिहायचं, एवढाच आमचा नियम. गोष्टीत डेला केस विकून जिमच्या घड्याळासाठी साखळी घेते, आणि जिम तेच घड्याळ विकून तिच्या केसांसाठी कंगवे. एकीने लिहिलं, जिमचा त्याग मोठा. डेलाचे केस पुन्हा वाढतील, आजोबांपासून चालत आलेलं घड्याळ परत मिळणार नाही. त्यावर मुलींमध्येच अशी जुंपली की घंटा झाल्यावरही कोणी उठेना. इंग्रजी अडलं तिथे मराठीत भांडल्या, आणि मी भांडू दिलं. गुणांसाठी पाठ केलेल्या उत्तरांत हे कधीच दिसत नाही.

पुढच्या वेळी ओ. हेन्रीचीच 'आफ्टर ट्वेंटी इयर्स'. निवड मुलांचीच.